पिढ्यांची एकत्र बैठक

आपल्या मंडळीच्या स्मरणिकेत चर्चमधील धर्मशिक्षणावर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. परंतु ज्या बेटावर आपले पूर्वज गिरमिटाच्या कराराने आले आणि कायमचे राहिले, त्या बेटावर मंदिर, मशीद, चर्च आणि पॅगोडा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदत आहेत. शेजाऱ्याच्या घरी दिवा कसा लावतात हे पाहून आपल्या घरच्या दिव्याची वात सारखी करण्यात कमीपणा तो कसला? शिवाय दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री सेंत-क्रुआच्या वाटेने पायी चालणाऱ्या यात्रेकरूंत आपलीही माणसे असतातच. ज्या साधुपुरुषाच्या समाधीवर आपण फुले वाहतो, त्याने आयुष्यभर कोणते कार्य केले आणि ते कसे केले, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. तो विचार येथे थोडक्यात मांडावा आणि त्यातून आपल्या कामाचे काही हाती लागते का ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेर लावाल हे मूळचे फ्रान्समधील नॉर्मंडीचे. जन्म १८०३ चा. प्रथम ते वैद्य होते. पुढे वैद्यकी सोडून त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि १८४१ च्या सप्टेंबरात ते पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. त्या वेळची बेटाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८३५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. परंतु मुक्त झालेल्यांना पुन्हा जुन्याच मालकांकडे उमेदवारीच्या नावाने राबावे लागले, आणि त्यांची खरी सुटका झाली ती १८३९ मध्ये. 'अ‍ॅटलस' जहाजातून आलेली हिंदी मजुरांची पहिली तुकडी १८३४ च्या नोव्हेंबरात येथे उतरली होती. म्हणजे एका बाजूस बेड्या नुकत्याच तुटलेले, आणि दुसऱ्या बाजूस करारावर नुकतेच अंगठे उठविलेले, अशा दोन प्रकारच्या माणसांनी हे बेट भरत चालले होते. मुक्त झालेल्या गुलामांकडे ना जमीन होती, ना अक्षर, ना कोणी त्यांना समाजात जवळ करणारे. लावाल यांनी आपले आयुष्य या लोकांना वाहिले.

त्यांनी जे केले त्यात मोठा चमत्कार असा काही नव्हता, आणि म्हणूनच ते आपल्याला अनुकरणीय वाटते. शिकणारी माणसे दिवसभर कामावर असत. तेव्हा त्यांनी शिकवणीची वेळ संध्याकाळची ठेवली. शिकणाऱ्यांची बोली क्रियोल होती. सुशिक्षित गोरा समाज त्या बोलीला हसत असे. लावाल यांनी ती बोली आत्मसात केली आणि धर्माची प्रश्नोत्तरी तिच्यात सोपी करून सांगितली. प्रश्न एकाने विचारावा, उत्तर सर्वांनी मिळून द्यावे, पुन्हा विचारावे, पुन्हा द्यावे. अक्षरशत्रू माणसाच्याही स्मरणात ते हळूहळू बसत जाई. या बैठकीला वयाची अट नव्हती. केस पांढरे झालेली म्हातारी, बंदरावर ओझी वाहणारा तरुण आणि आईचे बोट धरून आलेले पोर एकाच ठिकाणी बसून एकच गोष्ट शिकत. एकटा पाद्री सर्वांना पुरा पडणे शक्यच नव्हते. म्हणून शिकलेल्यांतूनच त्यांनी शिकविणारे निवडले. त्यांत पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. कालपर्यंत ज्यांना गुरांच्या मोलाने विकले जात असे, ती माणसे आज आपल्याच वस्तीत शिक्षक झाली. पुढे खेडोपाडी लहान लहान प्रार्थनागृहे उभी राहिली आणि पाद्रीची फेरी नसेल त्या दिवशीही तेथील बैठक मोडत नसे, याचे कारण हे घरचे शिक्षक. जमीनदारांनी लावाल यांची टवाळी केली, त्यांच्या कामात अडथळे आणले. पण १८६४ च्या ९ सप्टेंबरला त्यांचे देहावसान झाले तेव्हा शोकाकुल बेट त्यांच्यामागे लोटले. १९७९ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्यांना 'धन्य' पदवी दिली. मॉरिशसच्या लोकांनी ती त्यापूर्वीच दिली होती.

ही परंपरा आजही लुप्त झालेली नाही. माझ्या शेजारच्या कुटुंबामुळे त्यांच्या चर्चच्या सभागृहात जाण्याचे प्रसंग मला पुष्कळदा आले. शनिवारी दुपारी तेथे मुलांचे वर्ग भरतात. शिकविणाऱ्या बाया वस्तीतल्याच. कोणी दुकानात काम करणारी, कोणी कपड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली. त्यांना वेतन नाही. मात्र वर्ग घेण्यापूर्वी त्या स्वतः शिकवणीला बसतात, हे मला विशेष वाटले. लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी निराळी बैठक असते. मुलाचा बाप्तिस्मा करावयाचा असेल तर आईबापांनाही आधी काही दिवस येऊन बसावे लागते. कारण मुलाला जे देणार ते आपल्याला ठाऊक पाहिजे, असा तेथील दंडक. आठवड्यातून एका संध्याकाळी प्रौढ मंडळी कोणाच्या तरी घरी जमतात, ग्रंथातील एक उतारा वाचतात आणि त्यावर आपापल्या अनुभवाने बोलतात. शेजारच्या आजी वयाच्या ऐंशीव्या वर्षीही या बैठकीला जात. "अजून काय शिकायचे राहिले?" असे मी त्यांना एकदा थट्टेने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळा, शिकायचे संपले असते तर देवाने बोलावून नेले असते." त्या उत्तरावर माझ्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते.

लहानथोरांनी एकत्र बसून शिकण्याचा याहून मोठा प्रयोग पाहावयाचा असेल तर वेल्स देशाकडे पाहिले पाहिजे. इंग्लंडात रविवारच्या शाळांची चळवळ रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली ग्लॉस्टर येथे लोकांसमोर आणली. आठवडाभर राबणाऱ्या मुलांना रविवारची तेवढी सवड मिळे, तेव्हा अक्षरओळखही त्याच दिवशी, अशी ती सोय होती. तेथे ती मुख्यत्वे मुलांची शाळा होती. वेल्समध्ये मात्र तिला निराळे वळण लागले. त्याआधीच ग्रिफिथ जोन्स या धर्मोपदेशकाने फिरत्या शाळा काढल्या होत्या. शिक्षकाने एका गावी काही महिने राहावे, लोकांना वेल्श भाषेत बायबल वाचावयास शिकवावे आणि पुढच्या गावी जावे. १७६१ साली जोन्स वारले तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरून गेल्या होत्या, आणि दिवसा काम करणाऱ्या प्रौढांसाठी रात्रीचे वर्गही त्यांत होते. पुढे बाला गावच्या टॉमस चार्ल्स यांनी रविवारच्या शाळांचे जाळे उभारले. त्यांत आजोबा, मुलगा आणि नातू तिघेही विद्यार्थी असत. १८०० साली मेरी जोन्स नावाची एक गरीब विणकराची मुलगी पैसे साठवून वेल्श बायबल मिळविण्यासाठी सुमारे पंचवीस मैल चालत चार्ल्स यांच्याकडे गेली, ही कथा त्या देशात घरोघर सांगितली जाते.

येथे आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रोजच्या शाळांतून वेल्श भाषेला थारा नव्हता. ती बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविण्याची शिक्षाही कित्येक ठिकाणी चाले. सरकारी चौकशी समितीने १८४७ च्या आपल्या अहवालात त्या भाषेला मागासलेपणाचे कारण ठरविले. तरी रविवारच्या शाळांच्या कार्याची दखल मात्र तिलाही घ्यावी लागली. राजदरबार पाठीशी नसलेली, शाळेतून हुसकलेली ती भाषा आजही जिवंत आहे. तिला तारणाऱ्या कारणांत ही रविवारची बैठक अग्रस्थानी गणली जाते. भाषा वाचवू या असे म्हणून ती माणसे जमत नव्हती. त्यांना जीवनात जे सर्वांहून मोलाचे वाटत होते, ते त्यांनी त्या भाषेत एकत्र बसून वाचले. भाषा त्याबरोबर आपोआप तगली.

या वेल्श परंपरेचा एक धागा आपल्या बेटापर्यंत येऊन पोहोचतो. डेव्हिड जोन्स आणि टॉमस बेव्हन हे दोन वेल्श तरुण मिशनरी १८१८ साली मॉरिशसमार्गे मादागास्करला गेले. तेथील तापाने काही महिन्यांतच बेव्हन, त्यांची पत्नी आणि मूल, तसेच जोन्स यांची पत्नी आणि मूल अशी पाच माणसे नेली. जोन्स एकटे उरले. ते मॉरिशसला परतले, प्रकृती सावरून १८२० मध्ये पुन्हा तिकडे गेले आणि आंतानानारिव्हो येथे अवघ्या तीन मुलांवर त्यांनी शाळा सुरू केली. १८३५ पर्यंत संपूर्ण बायबल मलागासी भाषेत छापून झाले. त्याच वर्षी राणी रानाव्हालोना हिने त्या धर्माला बंदी केली आणि लवकरच मिशनऱ्यांना देश सोडावा लागला. शिक्षक गेले, शाळा गेल्या. परंतु चार-सहा माणसांनी रात्री घरात किंवा रानात जमून वाचण्याची जी सवय जडली होती, ती १८६१ मध्ये राणीचा मृत्यू होईपर्यंत, प्राणदंडाच्या भीतीतही सुटली नाही. डेव्हिड जोन्स १८४१ साली याच मॉरिशसमध्ये वारले. म्हणजे ज्या वर्षी एक उपदेशक येथील मातीला मिळाला, त्याच वर्षी दुसरा येथील धक्क्यावर उतरला. इमारत, वेतन आणि राजाश्रय यांवाचूनही शिक्षण चालू राहू शकते, हे मलागासी लोकांच्या या इतिहासावरून दिसून येते.

आता थोडे आपल्या मराठीकडे वळू. आपण 'मंडळी' हा शब्द आपल्या संस्थेला लावतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती बांधव हाच शब्द आपल्या उपासकसमूहासाठी वापरतात, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाला ते 'शब्बाथशाळा' म्हणतात. त्यांच्या उपासनेत जी पदे म्हटली जातात, त्यांतील कितीतरी नारायण वामन टिळक यांची आहेत. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज ज्या जिल्ह्यातून मुंबईच्या बंदरावर आले त्याच जिल्ह्यातला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे झाल्या. परंतु धर्म बदलला तरी त्यांनी ओवी सोडली नाही, अभंग सोडला नाही, कीर्तनाची गोडी सोडली नाही. परदेशी चालीवर मराठी शब्द बसविण्यापेक्षा ज्ञानदेव-तुकोबांनी घालून दिलेल्या वाटेने गेले तर गोष्ट हृदयाला भिडते, हे त्यांना उमगले होते. पंडिता रमाबाईंनीही केडगावच्या मुक्तिसदनात बसून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायांना समजावे म्हणून. धर्मांतराविषयी वाचकांचे मत काहीही असो. लोकांना लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या छंदात शिकवावे हे तत्त्व या माणसांनी पाळले, एवढे मान्य करावयास हरकत नसावी.

धर्मांतराचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी स्पष्ट बोलणे बरे. आपल्या वाडवडिलांच्या मनात चर्चविषयी एक भीती होती आणि ती निराधार नव्हती. शाळेत जावयाचे तर नाव बदला, नोकरी हवी तर धर्म बदला, असे अनुभव पुष्कळ कुटुंबांच्या स्मरणात आहेत. तेव्हा चर्चची उपासनापद्धती किंवा त्याचा सिद्धांत उचलावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या धर्माला एकच ग्रंथ नाही, एकच प्रश्नोत्तरी नाही, आणि ती नसणे हे आपले वैशिष्ट्य आहे. घ्यावयाची ती फक्त बैठकीची रीत. आणि खरे पाहू गेल्यास ती रीत आपल्याला नवी नाही.

कोठीच्या वस्तीत आपले पूर्वज राहत होते तेव्हा एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. रविवारची सकाळदेखील कोठीच्या फुकट कामात जात असे. तरीही दिवसभर ऊस तोडून आलेली ती माणसे संध्याकाळी बैठकेत जमत. गवताने शाकारलेल्या त्या झोपडीत वाचता येणारा एक वाचीत असे आणि बाकीचे ऐकत असत. लहान मुले आजीच्या मांडीवर ऐकता ऐकता झोपी जात. पण झोपेतही त्यांच्या कानावर शब्द पडत. कोकणातील जाखडी येथे झाकरी होऊन राहिली, लग्नानंतरचा गोंधळ टिकला, गणपतीची आरती टिकली, ते या बैठकीमुळे. शाळेची इमारत किंवा छापील पुस्तक त्यांच्यापाशी कोठले असणार?

पुढे काळ पालटला. मराठीला शासकीय शाळांतून स्थान मिळाले, पुस्तके आली, परीक्षा आल्या, महात्मा गांधी संस्थेत उच्च शिक्षणाची सोय झाली. हे सर्व आवश्यक होते आणि ज्यांनी ते मिळविले त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु याच काळात बैठक मात्र वयावार वाटली गेली. मंडळीच्या सायंवर्गात मी काही वर्षे शिकविले. मुले वर्गात येत, आईबाप त्यांना दारात सोडून परत जात, आणि आजीआजोबा घरी दूरदर्शनसमोर बसलेले असत. मूल 'गोंधळ' हा शब्द पुस्तकातून शिके. ज्या आजीला गोंधळ पाठ, ती वर्गात नसे. परीक्षा संपली की वर्ग संपे, आणि सोळाव्या वर्षानंतर त्या मुलाला मराठीशी गाठ पडण्याचे कारणच उरत नसे. माझ्या आजीला झाकरीची पुष्कळ गाणी येत. त्यांतील काही शब्दांचा अर्थ तिलाही सांगता येत नव्हता. ते तिला तिच्या आजीकडून जसेच्या तसे आले होते. आज ते शब्द ओळखणारे कोणी असतील तर ते कोकणातल्या एखाद्या गावी असतील किंवा आपल्याच बेटावरील दुसऱ्या गावच्या एखाद्या वृद्धेपाशी असतील. त्या वृद्धेला आणि आपल्या वर्गातील मुलांना एका चटईवर बसविणारी जागा मात्र आज आपल्यापाशी नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. मंडळीच्या सभांतून वारंवार वाद होतो तो असा की मराठीच्या वर्गात क्रियोल बोलू द्यावी की नाही. एक पक्ष म्हणतो, दारात पाऊल टाकले की मराठीच. नाहीतर भाषा बुडाली. दुसरा पक्ष म्हणतो, मुलाला समजतच नसेल तर ते बसेल कशाला? दोन्ही पक्षांचे प्रेम खरे आहे. वेल्सचे उदाहरण पहिला पक्ष आपल्या बाजूने देईल आणि लावाल यांचे दुसरा पक्ष देईल. परंतु नीट पाहिले तर दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली: चुलीपाशी जी भाषा बोलली जात होती, तिच्यातूनच प्रारंभ झाला. वेल्श माणसाच्या चुलीपाशी वेल्श होती. आपल्या चुलीपाशी आज बहुतेक घरांत क्रियोल आहे, हे सत्य नाकारून काय साधणार? ज्या बोलीत लावाल यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना शिकविले तीच बोली आज आपल्या नातवंडांची मायबोली झाली आहे. म्हणून माझे मत असे की मूळ वचन मराठीतच वाचावे, मराठीतच पाठ करावे, मराठीतच गावे. त्याचा अर्थ मात्र खुशाल क्रियोलमध्ये सांगावा आणि शंकाही क्रियोलमध्ये विचारू द्याव्यात. अर्थ समजला की शब्दाविषयी आदर वाटू लागतो, आणि आदर वाटला की माणूस तो शब्द स्वतः उच्चारू पाहतो. अर्थावाचून केवळ घोकलेली आरती पुढल्या पिढीत मुकी होते. या मताशी पुष्कळ ज्येष्ठ सहमत होणार नाहीत, याची जाणीव ठेवूनच मी ते येथे मांडीत आहे.

तेव्हा एक साधी सूचना करून हा लेख पुरा करतो. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. त्या दिवशी मुलांचा वर्ग, महिलांची सभा आणि वृद्धांचे भजन वेगळे भरवू नये. सर्वांनी एकाच सभागृहात बसावे. प्रारंभ एका अभंगाने किंवा चार ओव्यांनी करावा. वाचन शाळकरी मुलाने करावे, कारण देवनागरी त्याला येते. चाल आजीने सांगावी, कारण ती तिला येते. अर्थ मधल्या पिढीने क्रियोलमध्ये उलगडावा, कारण दोन्ही बाजूंचे बोलणे तिला कळते. अशा रीतीने कोणीही केवळ विद्यार्थी राहणार नाही आणि कोणीही केवळ पाहुणा राहणार नाही. उरलेल्या अर्ध्या तासात एखादी झाकरी, एखादे लग्नगीत किंवा एखादी कहाणी एकाने सांगावी आणि तरुणांनी ती वहीत उतरून घ्यावी. शक्य तर ध्वनिमुद्रितही करावी. शिकविणाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून पुढचा पाठ आपापसांत वाचावा. हा धडा शेजारच्या चर्चमधील त्या बायांकडून जरूर घ्यावा. या कामाला अनुदान लागत नाही, मोठी इमारत लागत नाही, आणि भारतातून विद्वान येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

आपल्या गावोगावच्या शाखांत झाकरी जाणणारी, गोंधळ जाणणारी, जुन्या चालीवर आरती म्हणणारी वृद्ध माणसे अद्यापि आहेत. परंतु दर वर्षी त्यांची संख्या कमी होत आहे. ही स्मरणिका हाती पडताच प्रत्येक शाखेच्या चिटणीसांनी अशा माणसांची नावे एका कागदावर लिहून काढावीत आणि पहिल्या बैठकीचे निमंत्रण स्वतः त्यांच्या घरी नेऊन द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. कोणाला सभागृहापर्यंत चालवत नसेल, तर ती पहिली बैठक त्यांच्याच ओसरीवर भरवावी.